वर्गणीच्या वहीतील पहिले नाव

वर्गणी मागण्यास दारी आलेल्या गृहस्थाला आपण पुष्कळदा उंबऱ्यावरच उभे ठेवतो. त्याच्या हातातील पावतीपुस्तक दिसले की घरातील कर्त्या पुरुषाला एकाएकी काही तरी निकडीचे काम आठवते. अशा असंख्य उंबऱ्यांवर आयुष्याची साठ-पासष्ट वर्षे उभ्या राहिलेल्या एका पुरुषाचे हे चरित्र आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. शंभरी ओलांडलेले भारतरत्न म्हणूनही त्यांची ओळख आहे. परंतु निराधार बालविधवांच्या शिक्षणासाठी पै-पैसा गोळा करणारे अण्णा कर्वे थोडे मागे पडले आहेत, आणि आम्हांस तेच अधिक जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरुड या समुद्रकाठच्या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडाहून सह्याद्री ओलांडून सातारा गाठावयाचे, तेही पायी. आणि तेथे पोहोचल्यावर परीक्षक म्हणाले की, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही! वय पुरे असूनही केवळ चणीने लहान म्हणून त्यांस परत यावे लागले. पुढे मुंबईस मॅट्रिक, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी. ए. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरही शिकवण्या करून निर्वाह चाले.

याच मुंबईच्या दिवसांत त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज सापडते. गावाबाहेर पोटापाण्यास गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या कमाईचा ठरावीक लहानसा अंश गावाच्या उपयोगासाठी काढून ठेवावा, या कल्पनेतून त्यांनी मुरुड फंड उभा केला. रक्कम मोठी नसे. परंतु एकाने शंभर रुपये एकदा देण्यापेक्षा शंभरांनी एकेक रुपया नियमाने देणे अधिक टिकाऊ असते, हा हिशेब या गणिताच्या शिक्षकाने तेव्हाच मनाशी मांडला असावा.

१८९१ साली दोन घटना घडल्या. प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आग्रहावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. आठव्या वर्षी लग्न आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, असे त्यांचे बालपण. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, तेव्हा तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे सर्व त्यांना बाया म्हणत. मुरुडास ही वार्ता गेली आणि गावाने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभारला, त्याच गावात त्यांना पंगतीस बसण्याची चोरी झाली.

आता त्या काळच्या बालविधवेची स्थिती वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. विधवा हा शब्द ऐकताच आपल्यापुढे प्रौढ बाई येते. परंतु येथे प्रश्न होता आठ-दहा-बारा वर्षांच्या मुलींचा. ज्याचे तोंडही नीट पाहिले नाही अशा नवऱ्याच्या मृत्यूचा दोष त्या पोरीच्या कपाळी येई. मोठी होताच केशवपन, एक वेळचे जेवण, आणि दिराच्या अथवा भावाच्या घरी पाणी भरणे व धुणी धुणे यांत जन्म काढावयाचा. या मुलींना वस्त्र-अन्न मिळत नव्हते असे सर्वत्र नाही. पण त्यांच्या हाती आयुष्याचे काहीच साधन नव्हते.

शारदा सदनाने हे काम आरंभिले होते, परंतु त्याचा मोठा आधार अमेरिकेतील दात्यांचा होता. १८९३ च्या सुमारास तेथील मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. त्या मुली पुन्हा घराच्या अंधारात गेल्या. अण्णांनी यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्यांनी रमाबाईंस दोष देत बसणे पत्करले नाही. आपल्या समाजाच्या मुली आहेत, तर त्यांच्या शिक्षणाचा भार आपल्याच समाजाने उचलावा, असे त्यांनी ठरविले. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाच्या मंडळीची स्थापना झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. निधीच्या आरंभी एक हजार रुपये पडले; ते स्वतः अण्णांच्या शिलकीतील होते. शिवाय आपल्या आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्यांनी पुढे आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांना याचे फार दुःख झाले. हाताशी लहान मुले, समाज पाठमोरा, आणि उद्या काही बरेवाईट झाले तर आधार तेवढाच! आम्ही अण्णांचे भक्त खरे, पण या प्रसंगी आमचे मन बायांकडे झुकते. दानाचा पुण्यांश वाटताना पत्नीच्या वाट्याला किती आला हे कोणी मोजले नाही.

समाजाकडून पैसा मागावयाचा तर समाजाचा विश्वास हवा, आणि जो समाज आपणांस बहिष्कृत मानतो त्याचा विश्वास मिळवावयाचा कसा? हीच या चरित्रातील खरी कसोटी होय. अण्णांनी १८९३ मध्ये विधवाविवाहास साह्य करणारी मंडळी स्थापिली होती. आश्रम सुरू झाल्यावर त्यांनी त्या कार्यातून अंग काढून घेतले. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, केवळ शिक्षण दिले जाईल, आणि मुलींच्या घरचे आचार पाळले जातील, असा दंडक त्यांनी घातला. कित्येक सुधारकांस ही माघार वाटली. सर्वांत अधिक किंमत दिली ती बायांनी. पुनर्विवाहित स्त्री म्हणून नवऱ्याने उभारलेल्या आश्रमापासून त्यांना अंतर राखून वागावे लागले. तरीही त्याच बाया आश्रमासाठी लोकांकडे मदत मागत हिंडल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी आपले आत्मवृत्त लिहून ठेवले आहे. घरच्या माणसाच्या डोळ्यांनी महर्षी पाहावयाचे असतील तर ते अवश्य वाचावे.

आश्रम प्रथम पुण्यात भाड्याच्या घरात होता. शहरात प्लेगने कहर मांडला, तेव्हा १९०० साली तो गावाबाहेर हिंगणे येथे हलविला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यास साडेसातशे रुपये दिले. त्या झोपडीत मूठभर मुली आणि एखाददुसरी वडीलधारी बाई. दिवसभर महाविद्यालयात गणित शिकवून अण्णा सायंकाळी चार मैल चालत हिंगण्यास जात, आश्रमास लागणारे सामान खांद्यावर घेऊन. पावसाळ्यात वाट चिखलाची असे. रात्री मुलींना शिकवून, तेथेच राहून, सकाळी पुन्हा पुण्यास परत. असा क्रम एकदोन आठवडे नव्हे, वर्षानुवर्षे चालला.

आणि सुट्ट्या? सुट्ट्या वर्गणीसाठी. मे महिना आला की अण्णांची फेरी निघे. ते वक्ते नव्हते. स्वभाव संकोची, आवाज हळू, अंगावर साधा पोशाख. सभा गाजविणे त्यांस कधी साधले नाही. कोणी चार शब्द तोडून बोलले तर ऐकून घ्यावयाचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारी जावयाचे, एवढेच त्यांचे वक्तृत्व. मिळालेल्या पैशाचा हिशेब मात्र चोख असे आणि संस्थेचा अहवाल दरवर्षी लोकांपुढे येई. वर्गणीदाराला आपला रुपया कोठे गेला हे कळते तेव्हाच तो दुसरा रुपया देतो, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

या कामात त्यांना लाभलेला सर्वांत मोठा साहाय्यक म्हणजे बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले. विधवा, केशवपन झालेल्या, पदरी एक मुलगा, आणि अक्षरशत्रू. वयाच्या पंचविशीनंतर त्या शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवू लागल्या. ज्या बायकांपुढे त्या बोलत, त्यांना आपल्यासारखीच एक बाई समोर उभी दिसे. त्याचा परिणाम कोणत्याही पदवीधराच्या व्याख्यानाहून अधिक होई. १९१८ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी यावे म्हणून आणि आश्रमास साह्य मिळावे म्हणून तेथे परक्या घरी घरकामही केले. देवरुखाकडील एका विधवेने समुद्र ओलांडून हे करावे, याचे नवल आजही ओसरत नाही.

वर्गणीतून शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. स्वतःच्या मिळकतीवर उभी राहिलेली बालविधवा हेच आश्रमाचे खरे जाहिरातपत्रक ठरले. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९०८ मध्ये आजन्म सेवकांचा निष्काम कर्म मठ निघाला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांचे दान दिले. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास लाभले. या दानाची कीर्ती सर्वत्र झाली आणि ती योग्यच आहे. परंतु तेथवर संस्था जिवंत राहिली होती ती ज्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत अशा घरांच्या रुपया-आठ आण्यांवर.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णा परदेशी निघाले. १९२९ मध्ये युरोप, मग अमेरिका आणि जपान. १९३० च्या अखेरीस आफ्रिका. मोंबासा येथे त्यांचे चिरंजीव डॉक्टर होते. तेथून केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार करीत ते थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले आणि तिकडे वसलेल्या हिंदी कुटुंबांकडून विद्यापीठासाठी साह्य घेऊन आले. मूळ गाव सोडून दूर स्थायिक झालेल्या माणसाला मागच्या मुलांची आठवण करून दिली तर तो हात आखडत नाही, हा मुरुड फंडाचाच अनुभव येथे पुन्हा आला असावा. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मंडळींस हे निराळे सांगावयास नको.

येथे थांबले असते तरी एका जन्मास पुरेसे होते. पुढे १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथील संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने चालते. पण आम्हांस सांगावयाची राहिली आहे ती १९३६ ची गोष्ट. तेव्हा अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथील मुलांचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणीची वही काखोटीस मारली. पुण्याच्या पेठांतून हा वृद्ध जिने चढून दारोदार उभा राही आणि खेड्यातील पोरांच्या पाटी-पुस्तकासाठी जे मिळेल ते घेई. त्या वेळी त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा सत्तर रुपये होते. त्यांतील पंधरा रुपये ते दर महिन्यास या मंडळास देत, आणि मग शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवीत.