शार्ल-युजेन देलोने

शार्ल-युजेन देलोने (९ एप्रिल १८१६ – ५ ऑगस्ट १८७२) हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ व गणितज्ञ होते. चंद्राच्या गतीचे गणित त्यांनी संख्यांऐवजी बीजगणितातील अक्षरांच्या साहाय्याने पूर्णपणे मांडले. सुमारे २० वर्षे हाताने केलेल्या या आकडेमोडीची पडताळणी १९७० साली संगणकाने करण्यात आली, आणि संगणक बीजगणिताच्या इतिहासातील ते एक प्रसिद्ध उदाहरण ठरले. संगणकीय भूमितीतील 'देलोने त्रिकोणीकरण' मात्र रशियन गणितज्ञ बोरिस देलोने यांच्या नावाने ओळखले जाते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

देलोने यांचा जन्म फ्रान्सच्या ओब प्रांतातील ल्युझिन्यी-स्युर-बार्स या गावी झाला. त्यांचे शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेत झाले. तेथे प्रथम क्रमांक मिळवल्याबद्दल त्यांना लाप्लास यांचे ग्रंथ पारितोषिक म्हणून मिळाले. पुढे ते खाण अभियंता झाले. तथापि अध्यापन व गणित हेच त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहिले. यामिकी व खगोलशास्त्र या विषयांवर त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तके फ्रान्समध्ये दीर्घकाळ वापरात होती. स्थिर माध्य वक्रता असलेल्या परिभ्रमण पृष्ठांविषयीचे त्यांचे १८४१ सालचे संशोधन भूमितीत आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८५५ साली ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

चंद्रगतीचा सिद्धांत

चंद्र पृथ्वीभोवती फिरत असताना सूर्याच्या आकर्षणामुळे त्याची कक्षा सतत बदलत राहते. या त्रिपिंड समस्येचे नेमके उत्तर एखाद्या लहान सूत्रात मांडता येत नाही. ते पदांच्या लांबलचक श्रेणीने क्रमाक्रमाने काढावे लागते. देलोने यांचे समकालीन पीटर हान्सेन यांनी कक्षेच्या मापांच्या संख्यात्मक किमती आरंभीच घालून गणित केले. अशा रीतीने काम लवकर होते, परंतु एखादी किंमत पुढे सुधारली तर बरेचसे गणित पुन्हा करावे लागते. देलोने यांनी उत्केंद्रता, कक्षेचा कल, सूर्य व चंद्र यांच्या गतींचे गुणोत्तर इत्यादी राशी शेवटपर्यंत अक्षररूपात ठेवल्या. त्यामुळे अंतिम सूत्रात कोणतीही किंमत घालून चंद्राचा भोग, शर व लंबन काढणे शक्य झाले.

ही पद्धत त्यांनी १८४६ साली मांडली. सूर्याच्या प्रभावाचे वर्णन करणाऱ्या क्षोभ फलनाचा त्यांनी ३२० आवर्ती पदांपर्यंत विस्तार केला. त्यातील एक पद निवडायचे, तेवढ्यापुरते समीकरण सोडवायचे आणि चल अशा रीतीने बदलायचे की ते पद फलनातून नाहीसे होईल, असा हा क्रम होता. अशा ५७ मुख्य क्रिया त्यांनी केल्या. प्रत्येक क्रियेनंतर बदललेले फलन नव्याने मांडावे लागे. त्यामुळे आरंभी झालेली चूक पुढील पायऱ्यांमध्ये उतरण्याचा धोका असे. संपूर्ण काम त्यांनी कोणत्याही साहाय्यकाविना केले. गणिताला सुमारे १० वर्षे आणि तपासणीला जवळपास तितकाच काळ लागला. हा सिद्धांत १८६० व १८६७ साली अकादमीतर्फे दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्रत्येक खंड ८०० हून अधिक पानांचा आहे. ग्रहांच्या प्रभावाविषयीचे पुढील काम मात्र अपूर्ण राहिले.

चंद्राच्या प्रवेगाविषयीचा वाद

चंद्राची सरासरी गती शतकानुशतके किंचित वाढत असल्याचे प्राचीन ग्रहणांच्या नोंदींवरून दिसते. लाप्लास यांनी त्याचे कारण पृथ्वीच्या कक्षेची घटणारी उत्केंद्रता हे दिले होते. १८५३ साली इंग्लंडचे जॉन काउच ॲडम्स यांनी त्या कारणाने निरीक्षणातील वाढीचा जवळपास निम्माच भाग स्पष्ट होतो असे दाखवले. फ्रान्समध्ये या निष्कर्षाला ल व्हेरिये प्रभृतींनी तीव्र विरोध केला. देलोने यांनी आपल्या स्वतंत्र पद्धतीने ॲडम्स यांचे उत्तर बरोबर असल्याचे दाखवले. उरलेल्या फरकासाठी १८६५ साली त्यांनी भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावत असावे असे सुचवले. ही कल्पना पुढे मान्य झाली.

पॅरिस वेधशाळा व मृत्यू

१८७० साली ल व्हेरिये यांना पदावरून दूर करण्यात आल्यावर देलोने पॅरिस वेधशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या कारकिर्दीतच फ्रान्स-प्रशिया युद्ध व १८७१ चे पॅरिस कम्यून घडले. कम्यूनच्या काळात वेधशाळेत आलेल्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांना त्यांनी जुन्या वेधांच्या नोंदी अभ्यासासाठी उपलब्ध करून दिल्या. ५ ऑगस्ट १८७२ रोजी शेरबूरजवळ नौका उलटून देलोने यांचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर वेधशाळेची सूत्रे पुन्हा ल व्हेरिये यांच्याकडे गेली.

संगणकीय पडताळणी

देलोने यांच्या श्रेणी मंद गतीने अभिसारी होतात. त्यामुळे वेधांशी जुळणारी अचूकता त्यांतून सहज मिळत नसे. १९११ साली रोदोल्फ रादो यांनी त्यांवर आधारित चंद्रसारणी प्रसिद्ध केली, परंतु पुढे हिल व ब्राउन यांचा सिद्धांत अधिक प्रचलित झाला. देलोने यांचे गणित इतके मोठे होते की ते कोणी हाताने पुन्हा पूर्णपणे तपासू शकले नाही.

१९७० साली आंद्रे देप्री, जाक आँरार व अर्नोल्ड रोम यांनी अमेरिकेतील बोईंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत हे काम संगणकाकडून करवून घेतले. त्यांची आज्ञावली संख्यांऐवजी अक्षरे व अपूर्णांकी सहगुणक असलेल्या पदांची बेरीज, गुणाकार व रूपांतर करत असे. सुमारे २० तासांत हे गणित पूर्ण झाले. देलोने यांच्या उत्तरात एकूण तीन चुका आढळल्या. त्यांपैकी दोन पहिल्या चुकीतूनच उद्भवलेल्या होत्या. या पडताळणीमुळे चिन्हात्मक संगणनाचा उपयोग ठळकपणे पुढे आला, तसेच देलोने यांच्या गणिताची विश्वसनीयताही सिद्ध झाली.

वारसा

देलोने यांनी वापरलेले चल 'देलोने चल' या नावाने खगोलीय यामिकीत आजही वापरले जातात. कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांच्या अभ्यासातही त्यांचा उपयोग होतो. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्येही त्यांचा समावेश आहे.