म्हाइंभट आणि सांकेतिक लिपीतील ठेवा

पांढुर्णा-सौंसरहून महाराष्ट्राची हद्द ओलांडून वरूड-मोर्शीच्या वाटेने गेले की रिद्धपूर लागते. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' याच गावी सिद्ध झाला. त्याचे कर्ते म्हाइंभट.

म्हाइंभट सराळ्याचे. शास्त्रांत निपुण आणि विद्येचा मोठा अभिमान बाळगणारे. श्रीचक्रधरस्वामींना वादात जिंकण्याच्या ईर्षेने ते गेले आणि अखेर त्यांचेच अनुयायी झाले. 1274 च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे निघून गेले. त्यानंतर शिष्यमंडळी नागदेवाचार्यांसह रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली.

स्वामींच्या आठवणी तेव्हा केवळ मंडळींच्या मुखी होत्या. माणसे गेली की त्याही जाणार, हे म्हाइंभटांनी ओळखले. ज्याने जे पाहिले-ऐकले, ते त्याच्याकडून मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या नांगरामागे चालत त्यांनी लीळा ऐकली, अशी कथा पंथात सांगतात. मिळालेले सारे ते नागदेवाचार्यांकडून तपासून घेत. 1278 च्या सुमारास ग्रंथ तयार झाला असे मानतात. संस्कृत जाणणाऱ्या या पंडिताने तो लोकांच्या मराठीत लिहिला, हे विशेष.

म्हाइंभटांच्या पश्चात परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला, अशी परंपरा आहे. पोथ्या मठामठांतून फिरत. त्या भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी योजिली. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहावयाचे. उलगडा ज्याला ठाऊक, त्यालाच अर्थ लागावयाचा. पुढे सुंदरी, वज्र अशा आणखी लिप्या निघाल्या. पोथी सर्वांची, किल्ली मात्र अधिकाऱ्यांपाशी, अशी ही व्यवस्था. आज अनेकांच्या सामायिक संगणकसंग्रहात गुप्त कागद ठेवताना हेच तत्त्व वापरतात.

ठेवा सुरक्षित राहिला खरा, पण त्याची किंमतही मोठी होती. शतकानुशतके उर्वरित महाराष्ट्र या वाङ्मयाला पारखा राहिला. न वाचताच पंथाविषयी गैरसमज पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांमुळे लिपीचे कोडे सुटले. 1978 मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले.

म्हाइंभटांनी दारोदार फिरून जमवले ते सर्वांना कळावे म्हणून. कुलूप चोराला अडवते, तसेच कधी वारसालाही. म्हणून कुलूप लावणाऱ्याने किल्ली कोणाच्या हाती जाणार, याचा विचार आधीच करून ठेवावा.