वालचंद हिराचंद आणि बंगळुरूचा विमान कारखाना

मुंबई ते बंगळुरू हे सुमारे ८४० किलोमीटरचे हवाई अंतर आज साधारणतः पावणेदोन तासांत पार होते. देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरलेले बहुतेक प्रवासी हेब्बाळमार्गे शहरात येतात. मे २००८ पर्यंत मात्र ही विमाने शहराच्या पूर्वेस, विमान कारखान्यालगतच्या धावपट्टीवर उतरत असत. त्या कारखान्याची मुहूर्तमेढ एका सोलापूरकराने रोवली होती.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. रेल्वेच्या कंत्राटांतून पुढे आलेल्या वालचंद यांनी १९१९ मध्ये सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनीद्वारे जहाज वाहतुकीतील ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान दिले. १९३९ मध्ये पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात त्यांची अमेरिकन विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. त्या काळी हा प्रवास बेटाबेटांवर थांबत काही दिवसांत पुरा होई. याच ओळखीतून भारतात विमाने बनविण्याची योजना आकारास आली. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली.

महायुद्धाची झळ भारताजवळ येताच सरकारने १९४२ मध्ये वालचंद यांचे भाग विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. दीड वर्षाच्या आतच त्यांची मालकी संपुष्टात आली. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. १९६४ पासून हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी बंगळुरूत आजही विमाने घडवीत आहे.