आकाश सोपे, जमीन अवघड

५ मे १९३०. मध्यरात्र उलटल्यावर दांडीजवळच्या कराडी गावातील छावणीत महात्मा गांधींना अटक झाली आणि त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात करण्यात आली. त्याच दिवशी सकाळी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून एक सव्वीस वर्षांची तरुणी हिरव्या रंगाच्या चिमुकल्या विमानात बसून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. निरोप द्यायला वडील आणि मोजकी मित्रमंडळी एवढेच होते. ॲमी जॉन्सन हे नाव त्या दिवशी फारसे कुणाला ठाऊक नव्हते. तीन आठवड्यांच्या आत ते जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

क्रॉयडन हा तेव्हाचा लंडनचा मुख्य विमानतळ. आजच्यासारखी काँक्रीटची धावपट्टी तिथे नव्हती, होते ते विस्तीर्ण गवताचे मैदान. पण त्या मैदानाच्या कडेला १९२८ मध्ये उभी राहिलेली भव्य इमारत, तिच्यावरचा नियंत्रण मनोरा आणि मनोऱ्यातून बिनतारी संदेशांच्या आधारे विमानांची जागा नकाशावर टिपणारे कर्मचारी, ही त्या काळी साऱ्या जगाला नवलाची गोष्ट होती. इम्पीरियल एअरवेजची तीन इंजिनांची, प्रवाशांना जेवण वाढणारी मोठी विमाने तिथून पॅरिसला जात. परदेशी जायचे तर जकातीचे सोपस्कार असलेल्या तळावरूनच उड्डाण करावे लागे. त्यामुळे हौशी वैमानिकांची छोटी खासगी विमानेही याच मैदानात या अवाढव्य विमानांच्या शेजारी उभी राहत. ॲमीच्या जिप्सी मॉथमध्ये मनोऱ्याशी बोलायला बिनतारी यंत्र नव्हते. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले, शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाचे, उघड्या बैठकीचे ते विमान. त्याला चाकांचे ब्रेकही नव्हते.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण ॲमीच्या आयुष्याची गोष्ट बरीचशी तिच्यात आहे. विमान हवेत ठेवणे तिला जमले होते. दिवसचे दिवस एकटीने, होकायंत्र आणि नकाशा एवढ्याच भांडवलावर वाट काढणे तिने साध्य केले. तिला खरा त्रास दिला तो जमिनीने. विमान वेळेवर, नेमक्या ठिकाणी, शेकडो डोळ्यांसमोर खाली आणणे हे तिच्यासाठी अखेरपर्यंत अवघडच राहिले.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. वडिलांचा मासळीचा मोठा व्यापार होता. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. एका अयशस्वी प्रेमप्रकरणाचे ओझे घेऊन लंडनला आली आणि एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करू लागली. १९२८ मध्ये स्टॅग लेन येथील क्लबात तिने उड्डाणाचे धडे घ्यायला सुरुवात केली. शिकवणाऱ्यांना तिच्याकडून फार अपेक्षा नव्हती. पहिले एकटीचे उड्डाण करायला तिला जवळजवळ सोळा तासांचे शिक्षण लागले, इतरांपेक्षा बरेच अधिक. मात्र एका बाबतीत ती अनेकांच्या पुढे गेली. पहाटे क्लबाच्या कारखान्यात जाऊन, हात तेलाने काळे करून, ती इंजिन खोलायला आणि जोडायला शिकली. १९२९ च्या अखेरीस विमान-अभियंत्याचा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश महिला ठरली.

ऑस्ट्रेलियाला एकटीने जायचा निश्चय तिने केला तेव्हा तिचा सर्वांत लांबचा प्रवास होता लंडन ते हल, म्हणजे जेमतेम अडीचशे किलोमीटर. वंगण तेलाच्या व्यवसायातील लॉर्ड वेकफील्ड आणि तिचे वडील या दोघांनी पैसे घातले. सहाशे पौंडांना एक वापरलेले विमान घेतले गेले. वडिलांच्या पेढीच्या व्यापारचिन्हावरून त्याला ‘जेसन’ हे नाव मिळाले.

क्रॉयडनवरून निघतानाच पहिली अडचण आली. जादा टाक्यांतील पेट्रोलचे ओझे इतके की पहिल्या प्रयत्नात जेसन जमीन सोडेना. कुंपण जवळ येताच तिने इंजिनाची शक्ती कमी केली, विमान मागे आणले आणि पुन्हा धाव घेतली. या खेपेस ते उडाले. पहिला मुक्काम व्हिएन्ना, दुसरा कॉन्स्टँटिनोपलजवळचे सान स्टेफानो. तिथे जकातीच्या कागदांत वेळ गेला. बगदादच्या वाटेवर वाळूचे वादळ उठले आणि तिला वाळवंटातच उतरावे लागले. वादळ शमेपर्यंत ती विमानाला धरून बसून राहिली.

सहाव्या दिवशी जेसन कराचीला पोचले. लंडन ते कराचीचा तोवरचा विक्रम तिने दोन दिवसांनी मोडला होता आणि वृत्तपत्रांना जाग आली. कराचीच्या ड्रिग रोड तळाजवळ तेव्हा एका प्रचंड हवाई जहाजासाठी बांधलेला अजस्र निवारा उभा होता. ते जहाज, आर-१०१, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताकडे येताना फ्रान्समध्ये कोसळले आणि कराचीला कधीच पोचले नाही. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, याच ड्रिग रोडवरून जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या पस मॉथमधून अहमदाबादमार्गे जुहूला आले, हे मुंबईकरांना सांगायला नको. १९३० च्या त्याच वसंतात आगा खानांच्या पारितोषिकासाठी कराचीहून निघालेले जे. आर. डी. आणि इंग्लंडहून निघालेले ॲस्पी इंजिनियर हेही अशीच छोटी विमाने घेऊन त्याच मार्गावर होते. त्या वर्षी कराची ते लंडन ही वाट जणू हौशी वैमानिकांची पायवाट झाली होती.

पुढचा टप्पा अलाहाबादचा होता. समोरून वारा सुटला, पेट्रोल संपत आले आणि खाली दिसली ती झाशी. मराठी माणसाला झाशी म्हटले की आठवते ते वेगळेच. ॲमीला मात्र त्या दिवशी झाशीत हवे होते फक्त एक मोकळे मैदान. ते तिला मिळाले लष्करी छावणीत, कवायतीच्या जागी. ब्रेक नसलेले जेसन धावत धावत बराकींमध्ये घुसले आणि त्याचा पंख दुखावला. तिथल्या लोकांनी डागडुजी करून दिली आणि ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला गेली.

रंगूनला याहून वाईट घडले. पावसाचे दिवस होते. शहरातील शर्यतीच्या मैदानावर उतरायचे ठरले होते. ढगांखाली ते तिला सापडले नाही आणि तिने जवळच्या इन्सेन येथील तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानाला तेच समजून विमान खाली आणले. मैदान लहान होते. पलीकडच्या चरात जेसनचे नाक गेले, पंखा मोडला, कापड फाटले. पंखा तिने बरोबर आणला होता. कापड कुठून आणायचे? पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे गावात काहींनी शिवून घेतले होते. ते सदरे उसवून जेसनचे पंख शिवले गेले. तंत्रशाळेतील मंडळी त्यासाठी राबली. पण त्यात दिवस गेले, आणि बर्ट हिंक्लरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडण्याची आशाही तिथेच संपली.

बँकॉक, सिंगापूर, जावा, तिमोर असे करीत २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. अठरा हजार किलोमीटर, साडेएकोणीस दिवस. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री. विक्रम मोडला नव्हता याची खंत तिला होती; जगाला नव्हती. तारांचा पाऊस पडला, तिच्यावर गाणी रचली गेली आणि लंडनच्या एका दैनिकाने तिच्याशी दहा हजार पौंडांचा करार केला. आता ती कुठे, किती वाजता उतरणार हे लोकांना आधी सांगितले जाऊ लागले.

पाचच दिवसांनी ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर हजारो लोक तिची वाट पाहत होते. ॲमी अतोनात थकलेली होती. असे विमान उतरवायचे म्हणजे नाकावरच्या इंजिनामुळे समोरचे दिसत नाही, डाव्या-उजव्या बाजूने डोकावून जमीन किती खाली आहे याचा अंदाज घ्यायचा. पाच-दहा फुटांची चूक झाली आणि मागून वारा आला तर विमान तरंगतच राहते आणि मैदान संपते. तेच झाले. जेसन मैदानाच्या टोकापलीकडे गेले, कुंपणाला अडकून पलीकडच्या शेतात उलटे झाले. ॲमीला खरचटलेही नाही आणि ती हसत बाहेर आली. पण ऑस्ट्रेलियातील पुढचा दौरा तिने बराचसा विमान कंपनीच्या मोठ्या विमानांतून, प्रवासी म्हणून केला. त्या कंपनीच्या वैमानिकांत जिम मॉलिसन नावाचा एक उमदा स्कॉट होता. दोन वर्षांनी तिचा त्याच्याशी विवाह झाला.

४ ऑगस्टला ती क्रॉयडनला परतली तीही इम्पीरियल एअरवेजच्या विमानातून. ज्या मैदानावर तीन महिन्यांपूर्वी मूठभर माणसे होती, तिथे आणि तिथून लंडनपर्यंतच्या रस्त्यावर लाखो लोक उभे होते. त्यानंतर दैनिकाने ठरवलेला गावोगावचा दौरा मात्र तिला झेपला नाही. प्रकृती ढासळली आणि तो अर्ध्यावर सोडावा लागला. कौतुक करणाऱ्यांनीच तिला दमवले, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

पुढची वर्षे विक्रमांची होती. १९३१ मध्ये टोकियो, १९३२ मध्ये एकटीने केपटाउन. १९३३ मध्ये मात्र पुन्हा जमीन आडवी आली. पती-पत्नीने दोन इंजिनांच्या ड्रॅगन विमानातून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जायचे ठरवले. ८ जूनला क्रॉयडनवर पेट्रोलने गच्च भरलेले विमान धावू लागले आणि त्याची चाकेच मोडली. लंडनच्या सर्वांत मोठ्या विमानतळाचे गवत त्या ओझ्याला पुरे पडत नव्हते. शेवटी २२ जुलैला वेल्समधील पेंडाइनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सपाट वाळूवरून ते उडाले. एकोणचाळीस तासांनी न्यूयॉर्क जवळ आले; पण पेट्रोल संपत आले होते. रात्रीच्या अंधारात कनेटिकटमधील ब्रिजपोर्टच्या विमानतळावर त्यांनी घिरट्या घातल्या आणि वाऱ्याच्या दिशेनेच विमान खाली आणले. ते पलीकडच्या दलदलीत आदळले. दोघेही जखमी झाले, आणि सकाळपर्यंत आठवणीखातर तुकडे पळवणाऱ्यांनी विमान सोलून काढले. न्यूयॉर्कने त्यांची मिरवणूक काढली, पण त्या शहरात त्यांचे विमान उतरले नाही.

१९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतीतून मॉलिसन दांपत्य अलाहाबादलाच बाद झाले. १९३६ मध्ये तिने केपटाउनचा विक्रम पुन्हा मिळवला आणि परतीच्या प्रवासात आपले छोटे विमान घेऊन ती क्रॉयडनलाच आली. तोवर क्रॉयडन बदलले होते. प्रवासी वाहतूक वाढली होती आणि दाट धुके असले की बिनतारी यंत्र नसलेल्या विमानांना त्या परिसरात मज्जाव असे. एकट्यादुकट्या हौशी वैमानिकाने जगातल्या कुठल्याही विमानतळावर अवचित येऊन उतरावे, तो काळ सरत चालला होता. आज हीथ्रोवर किंवा मुंबईत खासगी विमान आणायचे तर आधी वेळ मिळवावी लागते, शिवाय पुढे गेलेल्या जेट विमानामागचे हवेतील भोवरे छोट्या विमानाला उलटे करू शकतात म्हणून अंतर राखावे लागते ते वेगळेच.

१९३८ मध्ये मॉलिसनपासून ती विभक्त झाली. महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४० मध्ये, कारखान्यांतून आणि दुरुस्ती केंद्रांतून लष्करी विमाने तळांवर पोचवणाऱ्या दलात ती दाखल झाली. या दलाचे वैमानिक बिनतारी यंत्राविना उडत. ढग असले तर खाली यायला वाट शोधायची, आणि खाली शहरांभोवती तारांनी बांधलेले फुगे उभे. दहा वर्षांपूर्वी जेसनमध्ये जी साधने होती, जवळपास त्याच साधनांवर ॲमी पुन्हा उडत होती.

४ जानेवारी १९४१ ची रात्र तिने ब्लॅकपूलला बहिणीकडे काढली. ५ तारखेला हवा वाईट होती. दुपारी बाराच्या सुमारास एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचे विमान घेऊन ती ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे निघाली. अंतर तासा-दीड तासाचे. साडेतीन तासांनंतर, ठरलेल्या वाटेपासून शंभराहून अधिक मैल दूर, थेम्स नदीच्या मुखाशी हर्न बे गावासमोर, ढगांतून एक हवाई छत्री खाली येताना एका जहाजाच्या ताफ्याने पाहिली. ढगांवर तरंगत, खाली उतरायला फट शोधता शोधता तिचे पेट्रोल संपले असावे, असा तर्क आहे. १९९९ मध्ये एका माजी तोफखाना सैनिकाने, ओळखीचा संकेत चुकल्यामुळे आपल्याच तोफांनी ते विमान पाडले, असा दावा केला. तो सिद्ध झालेला नाही.

हेझलमीअर या जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी त्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेतली. ॲमी हाती लागली नाही. फ्लेचर यांना बाहेर काढले गेले, पण ते वाचले नाहीत. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक देण्यात आले. तिचे थोडे सामान लाटांवर सापडले. मृतदेह कधीच मिळाला नाही, आणि कायद्याने तिला मृत ठरवायला १९४३ चा डिसेंबर उजाडला.

जेसन आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात छताला टांगलेले आहे. क्रॉयडनचा विमानतळ १९५९ मध्ये बंद झाला. ज्या किडलिंग्टनला ॲमीला त्या दुपारी उतरायचे होते, तो तळ ऑक्सफर्डचा विमानतळ म्हणून चालू आहे, आणि तिथे उतरतात ती मुख्यतः खासगी विमाने आणि उड्डाण शिकणाऱ्यांची छोटी विमाने.