पेप की सांचेझ?

फेदरवेट म्हणजे १२६ पौंड, साधारण ५७ किलो. मेसचं जेवण पाहता आपल्या होस्टेलची निम्मी पोरं याच गटात बसतील! तर या वजनात अमेरिकेचा विली पेप आणि मेक्सिकोचा साल्वाडोर सांचेझ भिडले असते तर? पेप १९४० च्या दशकातला, सांचेझचा जन्मच १९५९ चा. त्यामुळे ही मॅच आमच्या रूमवरच होते, रात्री दीडला.

रूममेट पेपवाला. पेप हाताला लागायचाच नाही. सुरुवातीलाच सलग साठहून जास्त विजय. १९४७ मध्ये विमान अपघातात पाठीचं हाड मोडलं, तरी सहा महिन्यांत पठ्ठ्या पुन्हा रिंगमध्ये. पहिल्या सात-आठ फेऱ्या त्याच्या, मान्य.

पण सांचेझला घाई नसायची, आणि दम लागायचा नाही. १९८० मध्ये डॅनी लोपेझला तेराव्या फेरीत थांबवून तो एकविसाव्या वर्षी चॅम्पियन झाला. १९८१ मध्ये विल्फ्रेडो गोमेझ आला. ३२ नॉकआउट, हार एकही नाही. त्याला आठव्या फेरीत संपवला. जुलै १९८२ मध्ये घानाच्या अझुमा नेल्सनला थेट पंधराव्या फेरीत गाठला. म्हणून माझं मत सांचेझला, निसटत्या गुणांनी.

रूममेटचा हुकमी एक्का ठरलेला : पेपच्या २२९ विजयांसमोर सांचेझचे ४४ च!

ते वाढणार कुठून? नेल्सनच्या लढतीनंतर तीनच आठवड्यांनी, १२ ऑगस्ट १९८२ ला, मेक्सिकोच्या हायवेवर त्याची पोर्श ट्रकवर आदळली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता, आमच्या फायनल इयरच्या पोरांएवढा.