रेव्हरंड नारायण शेषाद्री व जालन्याचे बेथेल

ज्युबिली म्हटली म्हणजे घंटानाद, मिरवणूक व प्रीतिभोजन एवढेच पुष्कळांच्या मनात येते. परंतु लेवीय पुस्तकात पन्नासावे वर्ष पवित्र ठरविले, ते मुख्यत्वे जमिनीसाठी व मुक्ततेसाठी. ज्याचे शेत गेले त्यास ते परत मिळावे व दास मोकळा व्हावा, अशी ती आज्ञा होती. म्हणून ह्या स्मरणिकेत आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र देत आहोत, की जो आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा नव्हता, तरी जालन्याच्या मातीत ज्याने त्या आज्ञेचा अर्थ उलगडून दाखविला.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातले. मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत असता त्यांच्या मनात ख्रिस्ती श्रद्धा रुजली व १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत थोडी नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडे गेला. पित्याने कोर्टात धाव घेतली व कोर्टाने मुलगा पित्याच्या हवाली केला. पुढे त्यास ज्ञातीत परत घ्यावे की नाही, ह्यावरून मुंबई-पुण्यास मोठे वादळ उठले. घ्यावे असे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. एका घराची अशी दोन शकले झाली. त्या पित्याचे दुःखही आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

१८५४ साली नारायणरावांस फ्री चर्चची पाळकदीक्षा मिळाली. पुढील दशकात ते निजामाच्या मुलखातील जालना छावणीस आले. येथे त्यांचे ऐकणारे बहुतेक मातंग होते, ज्यांस तेव्हा मांग म्हणत. दोर वळावे, केरसुण्या बांधाव्या, गावाबाहेर राहावे व गावच्या विहिरीस शिवू नये, असे त्यांचे जिणे. नुसत्या उपदेशाने हे जिणे पालटणार नाही, हे नारायणरावांनी ओळखले. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, तो मान वर करून प्रार्थना तरी कशी करणार?

तेव्हा त्यांनी निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडे जमीन मागितली. एका मुसलमान दिवाणाने एका ख्रिस्ती पाळकास जालन्यानजीक सुमारे ८०० एकर जमीन दिली. तेथे बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे गाव वसले. मंदिर उभे राहिले, शाळा निघाली, विहिरी खणल्या गेल्या. काल ज्यांस पाणवठा वर्ज्य होता, त्यांच्या दारात आता त्यांचेच पाणी आले. आरोग्याची सुरुवात औषधाच्या बाटलीपूर्वी स्वच्छ पाण्यापासून होते, हे आजही आमच्या दुष्काळी जिल्ह्यास सांगावे लागत नाही.

ह्या कामास द्रव्य पाहिजे होते. नारायणराव परदेशी गेले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत डोक्यास पागोटे बांधून ते उभे राहिले व आपल्या लोकांची हकीकत त्यांनी सांगितली. १८९१ साली समुद्रप्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, बेथेलच्या उभारणीत तीन हात होते : सरकारने जमीन दिली, दूरच्या बांधवांनी पैसा दिला व ज्यांस जग हीन लेखी त्यांनी घाम गाळला. तिसरा हात नसता, तर पहिले दोन केवळ दानधर्म ठरले असते.

सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास पुष्कळ वाचला, परंतु हे नाव तेथे आमच्या कानी पडले नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली विभक्त बांधवांमधील ख्रिस्ती सद्गुण आनंदाने ओळखण्यास शिकविले. त्याचे पालन आम्ही उशिरा करीत आहोत, ही आमची कबुली.

आता एकच प्रश्न. ह्या ज्युबिलीच्या पंगतीत आमच्याच धर्मग्रामातील भूमिहीन मजूर कोठे बसणार, वाढणाऱ्यांत, जेवणाऱ्यांत, की दारापाशी? त्याला आमच्या बरोबरीची जागा मिळाली, तरच हा आमचा सण पवित्र शास्त्रातील ज्युबिली ठरेल.