सर जोसेफ व्हिटवर्थ : एक आटा आणि एक रायफल

मेकॅनिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने व्हिटवर्थ हे नाव निदान दोनदा तरी लिहिलेलं असतं. एकदा ड्रॉइंग शीटवर ५५ अंशांचे आटे काढताना आणि एकदा टीओएमच्या पेपरात क्विक रिटर्न मेकॅनिझमची आकृती काढताना. मार्क मिळाले की आपण त्याला विसरतो. तो कोण, कुठला, हे सिलॅबसमध्ये नाही, त्यामुळे व्हायवालाही कोणी विचारत नाही. पण मित्रांनो, या आटेवाल्या माणसाने एक रायफलही बनवली होती. तिच्या काळातली ती सर्वांत अचूक रायफल होती, आणि तरीही त्याच्याच देशाच्या सैन्याने ती नाकारली. आटा साऱ्या जगाने घेतला आणि रायफल नाही, असं का झालं? या प्रश्नात आपल्यासारख्यांना शिकण्यासारखं बरंच आहे.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील शिक्षक होते, पुढे ते धर्मोपदेशक झाले. जोसेफ लहान असतानाच आई गेली. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि त्याला डर्बीशायरमध्ये काकांच्या सूतगिरणीत पाठवण्यात आलं. पोराने धंदा शिकावा आणि पुढे गिरणी सांभाळावी अशी योजना होती. पोराला मात्र हिशोबाच्या वह्यांपेक्षा यंत्रं जास्त आवडली. चार-एक वर्षांत त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टर गाठून साध्या मेकॅनिकची नोकरी धरली.

१८२५ मध्ये तो लंडनला गेला. तिथे हेन्री मॉडस्ले यांचा कारखाना होता. मशीन टूल्सच्या बाबतीत त्या काळी तोच सगळ्यांचा गुरुकुल होता. नंतर तो जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही होता, जिथे चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनचे भाग बनत होते. म्हणजे कॉम्प्युटरच्या पणजोबांना व्हिटवर्थचा हात लागलेला आहे. आमच्या कॉम्प्युटर ब्रँचच्या मित्रांनी नोंद घ्यावी!

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला, भाड्याने जागा घेतली आणि लंडनहून आलेला टूलमेकर अशी पाटी लावली. त्याचं पहिलं वेड म्हणजे सपाट पृष्ठभाग. दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या एकमेकींत बरोबर बसतात, आणि आपण फसतो. तीन प्लेट घेतल्या आणि प्रत्येक प्लेट उरलेल्या दोघींशी ताडून पाहिली, तर तिन्ही खरोखर सपाट झाल्याशिवाय जमतच नाही. ही युक्ती त्याच्या एकट्याची नव्हती, पण एमरीने घासण्याऐवजी रंग लावून उंच ठिपके स्क्रेपरने खरवडायची शिस्त त्याने लावली आणि १८४० मध्ये ती सगळ्यांसमोर मांडली. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब ट्राय स्क्वेअरला लावून उजेडात धरताना आपला जीव वर-खाली होतो. व्हिटवर्थने त्याच्याही पुढे जाऊन इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं मशीन बनवलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं.

आता आट्यांची गोष्ट. तेव्हा इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. व्हिटवर्थने काय केलं? सर्वांत उत्तम आटा कोणता यावर तो भांडत बसला नाही. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि सरासरी काढली. कोन ५५ अंश. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे, एक इंचाच्या बोल्टला ८. हे त्याने १८४१ मध्ये जाहीर केलं. त्यात सगळ्यांचं थोडं थोडं होतं, त्यामुळे कोणालाच ते परकं वाटलं नाही. हळूहळू रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि मग सगळ्यांनी. क्रिमियाच्या युद्धात नौदलाला छोट्या गनबोटींसाठी तातडीने इंजिनं हवी होती, तेव्हा जॉन पेन यांनी सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून करून घेतले आणि ९० दिवसांत ९० इंजिनं उभी केली. आटे सारखे नसते तर हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

याच युद्धाच्या सुरुवातीला, १८५४ मध्ये, सरकार व्हिटवर्थकडे आलं. एनफील्ड रायफल भराभर बनवता यावी म्हणून त्यांना मशिनरी हवी होती. दुसरा कोणी असता तर ऑर्डर घेऊन मोकळा झाला असता. व्हिटवर्थने सांगितलं की चांगली नळी नेमकी कशामुळे चांगली होते हेच अजून कोणाला माहीत नाही, तर मशीन कशाचं बनवू? आधी प्रयोग करू द्या. सरकारने मानलं. मँचेस्टरजवळच्या त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर लांबीची बंदिस्त गॅलरी बांधण्यात आली, वाऱ्याचा त्रास नको म्हणून. पण ती वापरण्याआधीच वादळाने पाडली! पुन्हा बांधली आणि मार्च १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावलेले असत. प्रत्येक पडद्यावरचं भोक पाहून गोळी कशी गेली, कुठे डगमगली, हे कळायचं. हाय-स्पीड कॅमेरा नसताना ही आयडिया!

त्याला काय सापडलं? एनफील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि आतल्या वळणदार खाचा ७८ इंचांत एक फेरा घेत. गोळीचं वजन ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. वजन तेवढंच ठेवून गोळी बारीक आणि लांब केली तर ती हवा चांगली कापते. पण लांब गोळी उंच भोवऱ्यासारखी असते, वेगाने फिरली नाही तर लगेच कलंडते. म्हणून व्हिटवर्थने फेरा वाढवत नेला. गंमत म्हणजे एका इंचात एक फेरा घेणारी नळीसुद्धा त्याने करून पाहिली. शेवटी ०.४५१ इंच व्यास आणि २० इंचांत एक फेरा हे माप ठरलं. खाचांऐवजी त्याने नळीचं भोकच षट्कोनी केलं आणि गोळीही तशीच पिळदार षट्कोनी. नट आणि बोल्टचा माणूस दुसरं काय करणार!

अशी नवी रायफल हातात आली की लगेच निशाणाच्या मधोमध मारता येतं असं नाही. नव्या बाईकला जसं रनिंग-इन, तसं रायफललाही रुळवावं लागतं. नव्या नळीत हत्यारांच्या बारीक खुणा राहिलेल्या असतात. म्हणून आजही अनेक नेमबाज सुरुवातीला एक गोळी मारतात, नळी पुसतात, पुन्हा एक मारतात, पुन्हा पुसतात. याचा किती उपयोग होतो यावर त्यांच्यात वाद आहेत, ते सोडा. व्हिटवर्थची रायफल ठासणीची होती. तोंडाकडून दारू ओतायची, वर चरबीची चकती, मग गोळीच्या कडा नळीच्या कडांशी जुळवून गजाने खाली बसवायची. काळी दारू जळली की नळीत काजळी साचते. काही गोळ्यांनंतर घट्ट मापाची गोळी आत जाईनाशी होते, मग ओल्या चिंधीने नळी पुसावी लागते. स्वच्छ नळीतली पहिली गोळी आणि काजळी धरलेल्या नळीतली पाचवी गोळी एकाच जागी पडेल याची खात्री नसते. त्यामुळे प्रत्येक गोळीच्या वेळी नळीची स्थिती सारखी ठेवणं ही नेमबाजाची खरी तपश्चर्या.

दुसरी गोष्ट मेट्रॉलॉजीवाल्यांना लगेच कळेल. नव्या रायफलने आधी एकाच जागी नेम धरून अनेक गोळ्या मारायच्या आणि त्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते पाहायचं. सगळ्या गोळ्या एका बाजूला पण घोळक्याने पडल्या तर काळजी नाही, साइट सरकवली की घोळका मध्यावर येतो. पण विखुरलेल्या गोळ्यांना साइट काही करू शकत नाही. प्रिसिजन आणि अ‍ॅक्युरसी यातला फरक आपण डेफिनिशन म्हणून पाठ करतो, तो असा दिसतो.

एप्रिल १८५७ मध्ये हाइद इथल्या सैनिकी शाळेत दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर घोळक्याच्या मध्यापासून गोळ्या सरासरी किती दूर पडल्या? एनफील्डच्या सुमारे २७ इंच, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. ८०० यार्डांवर एनफील्ड चार फूट, व्हिटवर्थ एक फूट. १४०० यार्डांवर एनफील्डचा निशाणावर पत्ताच नव्हता, व्हिटवर्थ मात्र मारत होती. आणि एक योगायोग पाहा. ज्या एनफील्डला व्हिटवर्थ सुधारू पाहत होता, तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे असंतोष पेटला होता. २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला आणि १० मे रोजी मीरत उठलं. एकच रायफल, तिकडे निशाणावर मोजली जात होती आणि इकडे इतिहास घडवत होती.

जुलै १८६० मध्ये विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली, तिचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाच्या गोळीने झालं. व्हिटवर्थने स्वतः रायफल लोखंडी स्टँडवर बसवून, नेम लावून ठेवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली. जाहिरात म्हणून याहून मोठं काय हवं?

तरीही सैन्याने ती घेतली नाही. किंमत एनफील्डच्या सुमारे चौपट. काजळीने लवकर चोंदणारी नळी. चिखलात, पावसात, घाबरलेल्या शिपायाने गोळीच्या कडा जुळवत बसायचं? लढाईत त्या वेळी मैलभर नेमाची गरजही फार थोड्यांना होती. सैन्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आट्यांच्या बाबतीत व्हिटवर्थने सगळ्यांची मापं आधी घेतली होती. रायफलच्या वेळी त्याने गोळीचं माप घेतलं, शिपायाचं घ्यायचं राहिलं.

रायफल मात्र रिकामी बसली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने थोड्या व्हिटवर्थ रायफली नाकेबंदी चुकवून आणल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. काहींवर डेव्हिडसन यांची दुर्बीण होती. हे डेव्हिडसन म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेतले अधिकारी. ९ मे १८६४ रोजी व्हर्जिनियातल्या स्पॉट्सिल्व्हेनिया इथे उत्तरेचे जनरल जॉन सेजविक दूरवरून आलेल्या एका गोळीने ठार झाले. इतक्या लांबून काही होणार नाही म्हणून ते नुकतेच सैनिकांना धीर देत होते. ती गोळी व्हिटवर्थचीच असावी असं मानलं जातं. पातळ कागदावर इतक्या प्रेमाने मोजलेला सरळपणा शेवटी एका माणसाच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. प्रिसिजन कोणाच्या हातात आहे हे प्रिसिजनला कळत नाही. ते आपल्यालाच कळून घ्यावं लागतं.

व्हिटवर्थचं गणित बरोबर होतं हे पुढे सिद्ध झालं. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. तिची नळी ०.४५ इंचाची आणि फेरा २२ इंचांत एक, म्हणजे जवळपास त्याचंच माप. फरक एवढाच की ती मागून भरायची होती, शिपायाला सोपी होती.

१८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याच सुमारास त्याने एक लाख पौंड बाजूला काढून इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट अशी की उमेदवाराला गणितही यायला हवं आणि फायलिंग, टर्निंग, लोहारकामही. नुसता पुस्तकी नको आणि नुसता हातोडेवालाही नको. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे त्याचं निधन झालं. दहा वर्षांनी त्याची कंपनी तोफांच्या धंद्यातल्या त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, आर्मस्ट्राँगच्या कंपनीत विलीन झाली.

रायफल आज म्युझियममध्ये आहे. आटा मात्र आपल्या हॉस्टेलमध्ये आहे. पाण्याच्या पाइपांना जे बीएसपी आटे असतात ते याच ५५ अंशांच्या व्हिटवर्थ घाटाचे. तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळायला लागला आणि प्लंबरकाकांनी दुसऱ्याच कंपनीचा नळ आणून दोन मिनिटांत बसवला, तर ती त्याचीच कृपा. फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना आपण सगळे रायफल बनवायला निघतो, सर्वांत भारी, सर्वांत वेगळी. निघायलाच हवं. फक्त सुरुवातीला चार वर्कशॉप फिरून लोकांकडचे स्क्रू मोजून घेतले, तर आपली रायफलही कोणीतरी वापरेल.